जांभळ्या शाईची संक्रांत

माधवगंजात गजक कुटायला लागले की मला कळतं, जाडा आला. तीळ-गुळाचा तो गरम गोळा लाकडी हातोड्यांनी कुटत बसतात, धप-धप, धप-धप, आणि धुक्यातून तो आवाज असा येतो की शहराचं काळीज कुणीतरी गल्लीत काढून ठेवलंय असं वाटावं. माझ्या पुण्याच्या भाच्यांना 'जाडा' या शब्दाचं हसू येतं. येऊ द्या. इथली थंडी हाडांत शिरते, तिला नुसतं थंडी म्हणून भागत नाही. सकाळी किल्ला दिसेनासा होतो. एवढा मोठा किल्ला, आयुष्यभर डोक्यावर बसलेला, आणि नाही म्हणजे नाहीच. अकरा वाजता हळूच परत येतो, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं. काही माणसंही अशीच असतात. त्यांच्याकडे मी येतेच.

परवा माझी नात सई माझ्या रजईत पाय घालून बसली होती. ती बँकेत नोकरी करते. मराठीत वाक्य सुरू करते आणि हिंदीत संपवते. मी आता टोकणं सोडलंय. मोबाइल बघता बघता म्हणाली, "आजी, सुनो ना. कॉलनीच्या बायकांच्या ग्रुपवर आलंय. यंदा हळदीकुंकवाला बांगड्या त्या लोकांकडून नाही घ्यायच्या. सबको फॉरवर्ड करना है."

मी म्हटलं, "पूर्ण वाच."

तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. मला हवं तेवढं येतं. तिनं सावकाश, मोठ्यानं वाचलं. आपला पैसा आपल्या दुकानात. आपले सण आपल्या माणसांत. आणि शेवटी, आपल्या लेकीचा हात कुणाच्या हातात देता ते पाहा.

हे शेवटचं वाक्य मी तिच्याआधी म्हणून दाखवू शकले असते. माझं लक्ष उजव्या हाताच्या बोटांकडे गेलं. सुरकुतलेली होती, पण स्वच्छ होती. तरी मी ती पदराखाली घेतली.

देश स्वतंत्र झाल्यानंतरची ती पहिली संक्रांत. आमचं संस्थान विलीन व्हायचं घाटत होतं. कुणी म्हणे राजधानी इंदूरला जाणार, कुणी म्हणे दफ्तरं बंद होणार, कुणी म्हणे पेन्शनी बुडणार. आमची माणसं पाच-सहा पिढ्यांपूर्वी दख्खनेतून फौजेबरोबर इथे आली, तंबू ठोकले, आणि त्या तंबूंचंच लष्कर नावाचं शहर झालं. आता तंबू उचलायला सांगतात की काय, ही धास्ती ज्याच्या-त्याच्या चेहऱ्यावर. माझे यजमान संस्थानच्या दफ्तरात कारकून होते. आमच्या काळी नवऱ्याचं नाव घेत नसत, म्हणून मी 'हे' म्हणेन. हे घरी यायचे आणि कोट न काढताच बसून राहायचे. स्टेशनावर सिंध-पंजाबातून उठून आलेली कुटुंबं उतरत होती. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते खरं होतं. ते खरं उचलून आपलं दुकान थाटणारे मात्र आमच्याच गल्लीतले होते.

गल्लीच्या तोंडाशी गजाभाऊ राहायचे. व्यायाम शिकवायचे. त्यांनी तरुण पोरांचं एक पथक उभं केलं होतं. रोज मैदानावर लाठ्या, शिट्ट्या, उजवं पाऊल, डावं पाऊल, आणि कवायत झाली की व्याख्यान. आपल्यावर संकट आलंय, ते शेजारीच राहतं, त्याला ओळखा, असा एकंदर मथितार्थ. माणूस दिसायला चांगला, बोलायला त्याहून चांगला. गळ्यात पितळी शिट्टी. ती शिट्टी वाजली की गल्लीतली कुत्रीसुद्धा रांगेत उभी राहत असतील असं मला वाटायचं.

मला काय काय वाटायचं हे सांगायला आता लाज नाही, कारण ती मुलगी मेल्याला सत्तर वर्षं होत आली. अठराची होती. उज्जैनहून लग्न होऊन येऊन वर्ष झालेलं. सहा इयत्ता शिकलेली, आणि त्या सहा इयत्तांचा तिला असा तोरा की चार वेद हिनंच लिहून दिले असावेत. दुपारी सगळे निजले की ती तांब्याच्या घंगाळात वाकून करारी मुद्रेचा सराव करायची. घंगाळात नाक पसरट दिसायचं. पथकाच्या व्याख्यानाला बायकांसाठी बांबूच्या काड्यांच्या चिकाचा पडदा असायचा; त्यामागे बसून ही बाई राष्ट्राचा विचार करायची आणि घरी आल्यावर वरणात मीठ विसरायची. सासूबाई म्हणायच्या, "आज पण देशाला गेली होती वाटतं आमटी."

माझं अक्षर सुरेख होतं. गजाभाऊंच्या हे कानावर गेलं आणि त्यांनी निरोप धाडला की पत्रकं लिहायची आहेत, वहिनींनी हातभार लावावा. मला आकाश ठेंगणं झालं. ह्यांच्या टेबलावर दफ्तरातली जांभळी शाई असायची. दोन दुपारी मी माजघरात पाटावर बसून लिहीत होते. मजकूर साधा होता: येत्या संक्रांतीला नई सडकेवरच्या मुसलमान मनिहारांकडून बांगड्या भरू नका. मनिहार म्हणजे बांगडीवाला. मला तो मजकूर मिळमिळीत वाटला. मी शेवटी माझ्या पदरचं एक वाक्य घातलं. कोणतं, ते तुम्ही वर वाचलंच आहे.

तेच वाक्य सत्तर वर्षं चालत कॉलनीच्या ग्रुपपर्यंत आलं, असं मी म्हणत नाही. असली वाक्यं कुणाच्याही डोक्यात आपोआप उगवतात. तरीपण.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी नबीचाचा आमच्या घरी आला. दरवर्षी यायचा. अंगात कापूस भरलेली बंडी, दाढी पांढरी, डोक्यावर लाल फडक्यानं झाकलेली टोपली. त्याचेही पूर्वज त्याच फौजेच्या मागून दख्खनेतून आलेले. फौजेबरोबर बायका होत्या, बायकांना हात होते, म्हणून मनिहार होते. त्याची मराठी आमच्यापेक्षा जुनी आणि स्वच्छ होती. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी माझा हात त्याच्या हातात दिला होता, आणि त्यानं तो नुसता एकदा दाबून माप सांगितलं होतं, सव्वादोन. गल्लीतल्या झाडून साऱ्या बायकांची मापं त्याच्या बोटांत होती. परक्या पुरुषाच्या सावलीला न उभ्या राहणाऱ्या आमच्या बायका त्याच्यापुढे बिनघोर हात करायच्या. आणि बांगड्या भरून झाल्या की भरणाऱ्याला वाकून नमस्कार करायचा, ही आमची रीत. तो मग हातावर एक बांगडी जास्तीची चढवायचा आणि म्हणायचा, जीती रहो.

त्या दिवशी त्यानं टोपली उतरवली, पण फडकं काढलं नाही. बंडीतून घडी घातलेला कागद काढून सासूबाईंपुढे धरला. म्हणाला, दुकानाच्या फळीला कुणी चिकटवला होता. मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. लोक वाचून पुढे जातात आणि काय लिहिलंय ते सांगत नाहीत.

सासूबाईंनाही वाचता येत नव्हतं. त्या मला म्हणाल्या, "वाच गं सूनबाई. तुला येतं ना."

कागद हातात घेतला. माझंच वेलबुट्टीदार अक्षर माझ्याकडे बघत होतं. मनात आलं, दुसरंच काहीतरी वाचावं. संक्रांतीच्या शुभेच्छा, साबणाची जाहिरात, काहीही. पण माझं डोकं व्याख्यानांवर वाढलेलं. वेळेवर एक धड थाप सुचेना. मी जे होतं ते वाचलं. शेवटच्या वाक्याला आवाज इतका खाली गेला की सासूबाईंनी ते पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं.

बाहेर गजकवाल्याचा हातोडा पडत होता. नबीचाचानं कागद परत घेतला, होता तशा घडीत घातला आणि म्हणाला, "अक्षर चांगलं असणार. सूनबाई एकदाही अडखळल्या नाहीत."

मग त्यानं टोपलीवरचं फडकं काढलं. आलोच आहे तर भरून जातो म्हणाला. आधी सासूबाईंना भरल्या. मग माझा हात मागितला. मी उजवा पुढे केला आणि तेव्हा मला दिसलं. तर्जनी आणि मधलं बोट, दुसऱ्या पेरापर्यंत जांभळी. ती शाई आठ-आठ दिवस जायची नाही. त्यानं पाहिलं. सासूबाईंनी पाहिलं. मी मूठ वळली.

"हात सैल सोडा, सूनबाई," तो म्हणाला. "मूठ वळली की बांगडी फुटते."

एवढंच. प्रत्येक नव्या मुलीला तो हेच सांगायचा. हिरव्या बांगड्या एकेक करून सरकवल्या, एकही तडकली नाही. जास्तीची एक चढवली. सासूबाईंनी वाकून नमस्कार केला. मी दूध उतू चाललंय म्हणून आत पळाले. चुलीवर दूध नव्हतंच.

सासूबाईंनी मला रागावायला हवं होतं. मी वाट बघत होते. संध्याकाळी त्यांनी माझ्यापुढे अर्धं लिंबू ठेवलं आणि म्हणाल्या, "शाई याने निघते. बाकीचं कशानं निघतं ते तू बघ."

पथकाची रविवारी फेरी निघणार होती, मैदानावरून नई सडकेपर्यंत, मनिहारांच्या दुकानांवरून, लाठ्या घेऊन. घरटी एक पुरुष द्या अशी मागणी होती. ह्यांनी नाही म्हटलं. फार धीट होते असं नाही. त्यांना गर्दीत घुसमटायचं. मामंजींनीही, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नाही म्हटलं. मामंजी संस्थानच्या रिसाल्यात घोडेस्वार होते, उजव्या मनगटावर तलवारीचा लांब व्रण होता. ते एवढंच बोलले की मी लढाई पाहिली आहे, दुकानदारांवरून चालत जाणं म्हणजे लढाई नव्हे. गल्लीत आणखी चार-पाच घरांनी नकार दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सगळ्या घरांच्या कडीला सुतळीत ओवलेल्या बांगड्या लटकत होत्या. फेरीला येत नाही, तर या भरा आणि घरात बसा, असा अर्थ. शेजारपाजारचे लोक येता-जाता बघत होते. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. मामंजी दारापर्यंत आले, त्यांनी त्या बांगड्या पाहिल्या, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. दुपारी जेवायला उठले नाहीत. सत्तरीचा तो माणूस, ती पाठ, ते बंडीवरचं ठिगळ. माझ्या सगळ्या वक्तृत्वाला त्या पाठीनं उत्तर दिलं.

सासूबाईंनी सुतळी सोडून बांगड्या मांडीवर घेतल्या. एक उचलली, बोटांत फिरवली, नखानं वाजवून पाहिली. मग दुसरी. आणि एकदम त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"ह्या नबीच्या आहेत," त्या म्हणाल्या.

खात्री करायला त्या पदर घेऊन थेट नई सडकेवर गेल्या, मला मागे ओढत. नबीचाचा म्हणाला, हो, परवा गजाभाऊंची माणसं येऊन घेऊन गेली. माप विचारलं तर म्हणाली कोणतंही चालेल. मला वाटलं कुणाचं लग्न आहे.

म्हणजे मनिहारांवरच्या बहिष्काराची पहिली खरेदी मनिहाराकडेच झाली होती. त्या पोरांना कधी बांगड्या आणाव्या लागल्या नव्हत्या. नई सडकेवर जे पहिलं दुकान दिसलं तिथे शिरले. मी हसले. त्या मोसमातलं माझं ते पहिलं हसू. पण नबीचाचा हसला नाही.

सासूबाईंनी त्याला त्यांचा बेत सांगितला. रविवारी दुपारी मैदानावर हळदीकुंकू करायचं. तू टोपली घेऊन ये. त्यानं हातातली काच पुसून ठेवली. मग म्हणाला, "बाईसाहेब, तुम्ही हसून घरी जाल. मी दुकान उघडायला इथेच येईन."

सासूबाईंनी पदर सावरला. आम्ही परत निघालो तेव्हा त्यानं मागून विचारलं, किती वाजता.

रविवारी ऊन पडलं होतं, जाड्यातलं ते पिवळं, पातळ ऊन, ज्यात माणूस दिसतो पण तापत नाही. पथक रांगेत उभं होतं. आम्ही बायका नटून गेलो. नऊवारी, नथी, हातात हळदीकुंकवाची ताटं, तिळगुळाचे डबे. मैदानाला एकच फाटक होतं. त्या फाटकात सासूबाईंनी सतरंजी अंथरली आणि बसल्या. मग आम्ही सगळ्या बसलो, विसेक जणी तरी असू. मध्ये नबीचाचाची टोपली. बाहेर जायचं तर आम्हाला ओलांडून जावं लागणार होतं, आणि सवाष्णींच्या हळदीकुंकवावर पाय देईल असा पुरुष लष्करात अजून जन्मला नव्हता.

गजाभाऊ तावातावानं आले. हे काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं. सासूबाईंनी सुतळीतल्या बांगड्या ताटातून पुढे केल्या. फार नम्रपणे म्हणाल्या, "तुम्ही आमच्या घरी वाण पाठवलंत, उपकार झाले. पण माप चुकलं हो. पुरुषांची मनगटं मोठी असतात. तुमच्या मुलांना इथे ओळीनं बसवा, नबी माप घेईल, म्हणजे पुढच्या खेपेला चूक व्हायची नाही. त्याच्याचकडून तर घेताय."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. गजाभाऊंनी वळून पाहिलं. हसणं थांबलं, पण निघून गेलं नाही, तिथेच दबून राहिलं.

मग सासूबाई म्हणाल्या, हळदीकुंकू आहे तर नाव घेतलंच पाहिजे. मी त्यांच्या तोंडून मामंजींचं नाव तोवर कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी पदर सारखा केला आणि खणखणीत म्हटलं:

"रिसाल्यात होता घोडा, घोड्याला होता लगाम,
बापूरावांच्या मनगटाचं माप घ्या, मग करा सलाम."

त्यानंतर बांध फुटला. ज्यांच्या ज्यांच्या कडीला बांगड्या लागल्या होत्या त्या एकेक जणी सुरू झाल्या. शेजारच्या काकू, ज्यांना मी कधी पायरीवरसुद्धा मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, त्या म्हणाल्या:

"शिट्टीवर चालतात पाय, डोकं राहतं घरी,
यशवंतरावांना बांगडी धाडताना निवड करा बरी."

आता मागची रांग उघड हसत होती. सतरा-अठरा वर्षांची पोरं ती, आया-मावश्या समोर बसून उखाणे घेतायत, हसू किती दाबणार. मला कोपरानं ढोसलं गेलं. मी घरून एक आठ ओळींचा, भारतमाता आणि सिंहगर्जना असलेला उखाणा रचून आणला होता. उभी राहिले आणि पार विसरले. जे तोंडात आलं ते म्हटलं:

"चांदीच्या वाटीत तिळाचा लाडू,
दत्तात्रेयरावांच्या बांगड्या कुणाला वाढू?"

आणि मी चक्क गजाभाऊंकडे पाहिलं. माझ्यातल्या त्या अठरा वर्षांच्या मुलीनं आयुष्यात केलेली ही एकच शहाणी गोष्ट, आणि तीही पाठांतर चुकलं म्हणून. गजाभाऊंनी शिट्टी ओठांना लावली. पण फुंकायला श्वास घ्यावा लागतो, आणि त्यांच्या घरचीच एक बाई येताना त्यांना दिसली. त्यांची आई. ती कुणाशी बोलली नाही. सतरंजीवर येऊन बसली, नबीचाचापुढे हात केला, बांगड्या भरून घेतल्या आणि रीतीप्रमाणे वाकून त्याला नमस्कार केला. मुलाच्या डोळ्यांदेखत. शिट्टी न वाजताच खाली आली. त्या दिवशी फेरी निघाली नाही. पोरं तिळगुळ खाऊन घरी गेली.

मी तरंगत घरी आले. मामंजी उठून ओसरीत बसले होते. त्यांना सगळं कळलं होतं. सासूबाईंकडे बघून म्हणाले, "इतक्या वर्षांनी नाव घेतलंस ते चारचौघांत." त्या लाजल्या. मला वाटलं, जिंकलो. हसलं की भूत पळतं असा मला त्या रात्री नवा सिद्धान्त सुचला, आणि मी पुन्हा घंगाळात बघायला मोकळी झाले.

फक्त एक राहिलं. सगळ्या बायकांनी नबीचाचाला नमस्कार केला, मी केला नाही. उखाण्याच्या कैफात विसरले. उद्या जाऊ म्हटलं. जाऊन सगळं सांगूही.

मग जानेवारी संपता संपता दिल्लीहून ती बातमी आली. प्रार्थनेला निघालेल्या त्या म्हाताऱ्या माणसाला गोळ्या घातल्या. बाड्यावर, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, लोक नुसते उभे होते, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका घरातून आमच्याकडे पेढे आले. कुणाच्या ते सांगत नाही. ती माणसं गेली, आणि त्यांची नातवंडं भली आहेत. सासूबाईंनी ताट हातात घेतलं. मला वाटलं, आता काहीतरी फर्मास बोलतील. त्या नुसत्या बघत राहिल्या. मग ताट उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि दार लावून घेतलं. ज्या बाईला मामंजींच्या तेराव्यालाही पुढे एक विनोद सुचला, तिला त्या दिवशी एक शब्द सुचला नाही.

पथक पांगलं. पोलीस येतील म्हणून लाठ्या विहिरीत पडल्या, पत्रकं चुलीत गेली. मारणारा मराठी निघाला, म्हणून घाबरायची पाळी आता आमच्या लोकांवर होती. भ्यालेल्या घरांनी काय करावं? त्यांनी बायकांना आत घेतलं. कुठेही जायचं नाही, कुणाच्या दुकानाची पायरी चढायची नाही. फाटकात माझ्या मांडीला मांडी लावून बसलेल्या बायकांपैकी एकही पुन्हा नबीचाचाकडे गेली नाही. त्याला कुणी दगड मारला नाही. कुणी शिवीही दिली नसेल. गिऱ्हाईक आलं नाही, एवढंच. कवायतीनं आणि व्याख्यानांनी जे साधलं नव्हतं ते आमच्या नुसत्या घरात बसण्यानं साधलं.

मीही गेले नाही. मला कुणाची ताकीद नव्हती. पण सांगायला गेले तर तो आधी बस म्हणणार, बसले की हात मागणार, आणि हात द्यायची माझी छाती नव्हती. बोटांवरची शाई तोवर निघाली होती. आज जाते, उद्या जाते, करता करता रथसप्तमी आली.

त्या सकाळी धुकं इतकं होतं की अंगणातली तुळस दिसत नव्हती. तो येऊन गेला हे मला सासूबाईंनी नंतर सांगितलं. दारातच उभा राहिला. मुलीकडे जातो म्हणाला, कुठे ते नीट सांगितलं नाही. नंतर कुणी म्हणे आग्रा, कुणी म्हणे सरहद्दीपलीकडे. गल्लीतल्या एकेकीसाठी बांगड्यांची पुडी ठेवून गेला होता, उरलेला माल होता तो, प्रत्येकीच्या मापाचा. पैसे घेतले नाहीत. सगळ्या पुड्या वर्तमानपत्राच्या कागदात होत्या. माझी तेवढी वेगळ्या कागदात. जांभळ्या शाईच्या.

मी ती आत नेऊन उघडली. माझं वाक्य घडीवर बरोबर वर आलं होतं. आत अडीचच्या मापाच्या डझनभर हिरव्या बांगड्या. मला सैल व्हायच्या. मला वाटलं, माप चुकलं. सासूबाई म्हणाल्या, "त्याचं चुकत नाही. पहिलं मूल झालं की हात भरतो. तेव्हाचं माप दिलंय."

एकही तडकलेली नव्हती.

पुढे संस्थान विलीन झालं. काही वर्षांनी राज्यं पुन्हा नव्यानं आखली, राजधानी भोपाळला गेली, दफ्तरांची कपाटं गाड्यांवर चढली आणि त्यांच्यामागून आमची निम्मी गल्ली. हेही गेले, निवृत्त झाल्यावर परत आले. नबीचाचाच्या दुकानात आधी स्वेटरवाला आला, मग घड्याळवाला. गजाभाऊ फार मोठे झाले. शाळांच्या बक्षीस समारंभांना बोलावू लागले त्यांना, हार पडायचे गळ्यात. आमच्या गल्लीत मात्र त्यांनी पुन्हा शिट्टी वाजवली नाही. तेवढं त्या दुपारचं कर्तृत्व मी मान्य करते. माझ्या मुलाच्या मुंजीला आले होते. जिलबी खाता खाता म्हणाले, "वहिनी, अक्षर अजून तसंच आहे का हो?" अकरा वाजताच्या किल्ल्यासारखा चेहरा. मी म्हटलं, नाही, आता फक्त वाण्याची यादी लिहिते.

लोक मला विचारतात, आजी, तुम्ही सगळ्याची थट्टा कशी करता. सासूबाईंकडून शिकले. त्या फाटकात मी पाहिलं की हसणारा माणूस पाऊल जुळवू शकत नाही, त्याची रांग मोडते. पण रांग मोडल्यावर घरी जाऊन झोपायचं नसतं, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मला फार उशिरा कळलं. हसून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बांगड्या भरायच्या असतात. तिसऱ्या दिवशीही. त्यात काही गंमत नसते, कुणी बघायला नसतं.

परवा सईनं तो संदेश वाचून दाखवल्यावर मी तिला कपाटातली माझी पत्र्याची पेटी काढायला लावली. तळाशी, लुगड्याच्या घडीत, तो कागद आहे. शाई आता फिकट, वांग्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखी झाली आहे. मी म्हटलं, वाच.

मराठी तिला अडखळत वाचता येतं. एकेक शब्द लावत तिनं वाचलं. शेवटच्या वाक्याला तिचा आवाज खाली गेला. तिनं मोबाइल उचलून पाहिला, पुन्हा कागद पाहिला.

"पण आजी, अक्षर किती सुंदर आहे," ती म्हणाली. "किसका है?"

बाहेर गजकवाला कुटत होता. तिनं माझा हात हातात घेतला होता, थंड पडलाय म्हणून चोळत होती.

"माझं," मी म्हटलं. आणि मूठ वळली नाही.